घरच्या कॉम्प्युटरवर पहिलं लिनक्स कोणतं?

पहिल्यांदाच टाकताय, तर सरळ लिनक्स मिंट घ्या, म्हणजे लिनक्सचा नवशिक्यांना सोपा जाणारा प्रकार. रॅम ४ जीबी असेल तर मिंटची हलकी आवृत्ती एक्सएफसीई, ८ जीबी असेल तर जरा जड आवृत्ती सिनॅमन. आयएसओ फाइल, म्हणजे मिंटची डाउनलोड केलेली पूर्ण प्रत, पेन ड्राइव्हवर नुसती कॉपी करून चालत नाही. रुफस या विंडोजवरच्या प्रोग्रामने लिहावी लागते, आणि त्यात पेन ड्राइव्हवरचं सगळं पुसलं जातं. लगेच इन्स्टॉल करू नका. पेन ड्राइव्हवरूनच चालू करून वाय-फाय, आवाज, प्रिंटर तपासा. ब्रॉडकॉमचं वाय-फाय कार्ड बरेचदा इथेच अडतं. मोबाइल यूएसबीने जोडून नेट द्या, मग मिंटमधला ड्रायव्हर मॅनेजर उघडून कार्डाचा ड्रायव्हर टाका.

विंडोजही ठेवायचं असेल तर त्यातलं फास्ट स्टार्टअप आधी बंद करा. नाहीतर विंडोज पुरतं बंद होतच नाही आणि मिंटमधून त्याच्या पार्टिशनवर (डिस्कच्या विंडोजवाल्या भागावर) काही सेव्ह करता येत नाही. घरचे फोटो मात्र सगळ्यात आधी दुसऱ्या डिस्कवर काढा.