आधी ग्रुप, मग क्लिक : नेमबाजीची प्रश्नोत्तरे

स्पर्धांचा मोसम जवळ आला की आमच्याकडे एकच तक्रार वेगवेगळ्या अक्षरांत येते : ‘साइट (नेम धरायचं साधन) बसत नाही.’ बहुतेक पत्रं १० मीटर एअर रायफलची आहेत, एक-दोन घरच्या एअरगनची. त्यातली काही इथे घेतली आहेत.

प्रश्न : एअर रायफलवर दुर्बीण लावून स्पर्धेत उतरता येतं का? (विद्यार्थी, नाशिक)

नाही. मागे पीप साइट (बारीक भोकाची), पुढे रिंग. बाकी शंका असेल तर स्पर्धेआधीच्या उपकरण तपासणीत विचारा, यूट्यूबला विचारू नका.

प्रश्न : माझ्या जर्मन साइटच्या नॉबवर ‘एच’ आणि ‘टी’ लिहिलं आहे. शॉट वर जात असेल तर कुठे फिरवायचं? मित्र एक सांगतो, दुकानदार उलटं. (सोलापूर)

दोघेही खरं बोलत असतील, पण वेगवेगळ्या साइटबद्दल. एच म्हणजे वर, टी म्हणजे खाली. काही कंपन्यांच्या साइटवर ते अक्षर शॉट कुठे लागलाय हे सांगतं, तर काहींच्या साइटवर तो कुठे सरकेल हे. वाद घालण्यात पेलेट (छर्रे) वाचतात, वेळ जातो. पाच शॉटचा ग्रुप (एकाच नेमाने मारलेले शॉट) मारा, एका दिशेला दहा क्लिक (नॉबचे खटके) फिरवा, पुन्हा पाच मारा. दिशा कळेल, आणि दोन ग्रुपमधलं अंतर मोजून दहाने भागलं की तुमच्या रायफलवर एक क्लिक किती मिलिमीटरचा आहे तेही कळेल. हा आकडा वहीत लिहा. माहितीपुस्तिकेतला आकडा तुमच्या रायफलच्या लांबीला जुळेलच असं नाही.

प्रश्न : मुलगी दीड वर्ष एअर रायफल खेळते. काल साइट झिरो केली (शॉट मध्यात पडेल अशी जुळवली), आज सगळे शॉट डावीकडे. परवा उजवीकडे होते. रायफल बिघडली आहे का? नवी साइट घ्यावी का? (पालक, सांगली)

नवी साइट घेऊ नका. आधी मुलीचे पाय बघा.

या खेळात दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा आहे आणि छर्रा साडेचार मिलिमीटरचा. छर्र्याचा मध्य लक्ष्याच्या मध्यापासून अडीच मिलिमीटरपेक्षा दूर गेला की दहा संपले, नऊ सुरू. एवढ्या बारीक हिशेबात शरीर कुठे रोखलं गेलंय हे साइटपेक्षा जास्त बोलतं. स्टँडिंगमध्ये मुलगी उभी राहते, रायफल काळ्या वर्तुळाच्या थोडी डावीकडे येते, आणि ती पाय हलवण्याऐवजी हाताने ओढून रिंगमध्ये काळं बसवते. चित्र अगदी छान दिसतं. ट्रिगर सुटताना ओढणारा स्नायू सैल पडतो आणि रायफल आपल्या मूळ जागी, डावीकडे, परत जायला लागते. शॉट डावीकडे. मग नॉब उजवीकडे. दुसऱ्या दिवशी पाय बोटभर वेगळे पडतात, तेव्हा कालची ‘दुरुस्ती’ आज चूक ठरते. घरी सगळे म्हणतात, साइट हलली. साइट बिचारी जिथे ठेवली तिथेच असते.

तपासणं सोपं आहे. पोझिशन घ्या, डोळे मिटा, दोन श्वास सोडा, अंग सैल करा, डोळे उघडा. रिंग कुठे आहे? काळ्यावर नसेल तर हाताने आणू नका, मागचा पाय किंचित सरकवा आणि पुन्हा डोळे मिटा. दर मालिकेआधी हे करायचं असतं. मुलं कंटाळतात. पालक त्यांच्याहून लवकर कंटाळतात, कारण त्यांना स्क्रीनवर दहा बघायचे असतात.

हे जमल्यावरच साइटला हात लावा. पाच शॉटचे दोन ग्रुप मारायचे. ‘हा माझ्या हातून गेला’ असं ट्रिगर सुटताच कळलेला शॉट हिशेबात धरायचा नाही. उरलेल्यांचा मध्य कुठे आहे ते पाहून तेवढेच क्लिक. ग्रुपच विखुरलेला असेल तर झिरो करायला काही नाहीच, तिथे कोच हवा, स्क्रू नको. आणि चीकपीस (गाल टेकायचा भाग) किंवा बट प्लेट (खांद्याला टेकणारी पट्टी) हलवली की झिरो बदलतो, कारण गालाबरोबर डोळाही सरकतो. साइटच्या दोन टोकांत पाऊण मीटर अंतर धरलं, तर पुढची रिंग मागच्या भोकात ०.१ मिलिमीटर बाजूला दिसणं म्हणजे लक्ष्यावर सुमारे १.३ मिलिमीटरची चूक. रायफल दर शॉटला वेगवेगळी तिरकी धरली तरी हेच : उजवीकडे कलली की शॉट उजवीकडे आणि थोडा खाली.

यावर एक ठरलेलं उत्तर मला येतं : ‘बिंद्राने तर ऐनवेळी साइट फिरवली होती!’ हो. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये अंतिम फेरीआधीच्या सरावातला त्यांचा शॉट चारच्या घरात गेला, उरलेल्या वेळात त्यांनी साइट जुळवून घेतली आणि शेवटचा शॉट १०.८ मारून सुवर्ण नेलं. पण आपला शॉट बरोबर सुटला होता, हे त्यांना ठाऊक होतं. दीड वर्ष खेळलेल्या मुलीला ते अजून ठाऊक नसतं. म्हणून एकाच शॉटवर नॉब फिरवायचा नाही. कोचना पुढच्या सरावात फक्त पाय बघायला सांगा.

प्रश्न : दुकानदार साइट ‘झिरो करून’ देतो म्हणतो, वर लेझरचं उपकरण घ्या म्हणतो. (कोल्हापूर)

त्याच्या गालाला आणि डोळ्याला झिरो करून देईल. लेझरने नळी आणि साइट ढोबळमानाने एका रेषेत येतात, बाकीचं काम पेलेटनेच होतं. १० मीटरवर तर त्या ढोबळ कामाचीही गरज नाही. स्वप्नील कुसाळे आणि तेजस्विनी सावंत या नेमबाजांच्या जिल्ह्यात राहता, रेंजवर जाऊन कुणाही अनुभवी माणसाला विचारलंत तरी पैसे वाचतील. तेच पैसे दोन-तीन वेगवेगळ्या बॅचचे पेलेट तपासण्यात घाला.

प्रश्न : चष्मा आहे. रिंग स्पष्ट दिसली की टार्गेट धूसर, टार्गेट स्पष्ट दिसलं की रिंग धूसर. (वय ४४, पुणे)

रिंग स्पष्ट, टार्गेट किंचित धूसर : हेच हवं आहे. डोळ्यापासून पुढच्या साइटपर्यंतचं अंतर टेपने मोजा आणि तो आकडा घेऊन डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा. (रायफल घेऊन दवाखान्यात जाऊ नका.) रोजच्या चष्म्यातून नेम धरताना मान कललेली असते आणि आपण काचेच्या कडेतून बघतो, म्हणून नेमबाजीची वेगळी फ्रेम. तिची काच सरकली तरी झिरो सरकतो, तेव्हा तिच्यावर खूण करून ठेवा. दुसऱ्या डोळ्यावर काळी पट्टी नको. तो डोळा अंधारात गेला की नेमाच्या डोळ्याची बाहुलीही मोठी होते. दुधी पट्टी लावा, ३० मिलिमीटरपेक्षा रुंद नको.

प्रश्न : स्प्रिंगच्या एअरगनवर चार पट दुर्बीण बसवली. वीस छर्र्यांनंतर झिरो हलतो. (सातारा)

स्प्रिंगची एअरगन आधी मागे आणि लगेच पुढे झटका देते. साधी दुर्बीण तो पुढचा झटका सोसायला बनवलेलीच नसते. एअरगनसाठीची दुर्बीण, मागे सरकू न देणारी खुंटी असलेला माउंट (दुर्बीण बसवायची पकड) घ्या, आणि आधी लाकडी दस्त्याचे स्क्रू तपासा. ‘चार क्लिक फिरवले, काही झालं नाही’ असंही तुम्ही लिहिलंय. १०० यार्डावर पाव इंच सरकवणारा क्लिक १० मीटरवर जेमतेम ०.७ मिलिमीटर सरकवतो, म्हणजे दोन सेंटिमीटरसाठी अठ्ठावीस-एकोणतीस क्लिक लागतील. नॉब टोकाला अडला तर जोर लावू नका. माउंट वाकडा आहे, आर्मररला (बंदूक दुरुस्त करणाऱ्याला) दाखवा.

प्रश्न : स्प्रिंगची एअरगन शेतातल्या रानडुकरांसाठी झिरो करायची तर किती अंतरावर? (सिंधुदुर्ग)

कुठल्याच नाही. साडेचार मिलिमीटर आणि २० ज्यूलपर्यंतच्या एअरगनला परवाना लागत नाही, याचा अर्थ ती वन्यप्राण्यावर चालवायची मुभा आहे असा नाही. नुकसानभरपाईचा अर्ज वन विभागात द्या.

प्रश्न : पहिले वीस शॉट मध्यात, मग ग्रुप हळूहळू खाली. साइट सैल आहे का? (ठाणे)

आधी रायफलच्या हवेच्या सिलिंडरचा काटा बघा, हवा कमी झाली असेल. आणि काटा बघताय तर सिलिंडरवर कोरलेली तारीखही बघा. दहा वर्षं उलटली असतील तर त्यात पुन्हा हवा भरू नका, हा शनिवार सोडून पुढच्या शनिवारी बघू असंही म्हणू नका. कंपनीच्या अधिकृत माणसाकडे द्या.