उन्हाळ्याची ऊब हिवाळ्यासाठी: तुमचे प्रश्न

प्रश्न: छतावरच्या पॅनेलची उन्हाळ्यातली जादा वीज बॅटरीत साठवून हिवाळ्यात घर गरम ठेवता येईल का?

नाही. घरगुती बॅटरी दिवसाची वीज रात्री वापरण्यासाठी असते.

प्रश्न: उन्हाळ्यात तापवलेल्या पाण्याची हजार लिटरची टाकी जमिनीत पुरली की हिवाळाभर पुरते, असं विक्रेता सांगतो. घ्यावी का?

घेऊ नका. हा प्रश्न दर महिन्याला येतो, आणि अनेकदा पैसे भरून झाल्यावर. हिशेब सोपा आहे. हजार लिटर पाणी 40 वरून 90 अंशांवर नेलं की 58 युनिट उष्णता साठते. कडाक्याच्या थंडीत साध्या घराला तेवढी एका दिवसात लागू शकते. हिवाळ्याला 5000 युनिट लागणार असतील तर अशा 86 टाक्या हव्यात, त्याही उष्णतेची गळती शून्य धरून. आणि छोट्या टाकीचं खरं दुखणं गळतीचंच आहे. टाकी सर्व बाजूंनी दुप्पट केली तर पाणी आठपट मावतं, उष्णता निसटायला पृष्ठभाग मात्र चौपटच. म्हणून डेन्मार्कमधल्या व्होयन्सला अख्ख्या गावासाठी 2 लाख घनमीटरचा गरम पाण्याचा तलाव आहे. एका घरी पुरलेली टाकी मी उकरून पाहिली होती. भोवतीची दगडी लोकर, म्हणजे उष्णता अडवणारं इन्सुलेशन, मुठीत दाबली तर पाणी गळलं. ओलं इन्सुलेशन असून नसल्यासारखं. विक्रेत्याकडून ऑक्टोबर ते मार्चचा महिनावार हिशेब लेखी मागा आणि त्याच्याशी संबंध नसलेल्या अभियंत्याला दाखवा.

प्रश्न: मग बोअर घेऊन, त्यांतल्या नळ्यांतून गरम पाणी फिरवून जमीनच तापवली तर?

एकट्या घराला सहसा परवडत नाही, वसाहतीला जमू शकतं. कॅनडात ओकोटोक्सच्या ड्रेक लँडिंगमध्ये 52 घरांसाठी 144 बोअर होते. 2007 मध्ये यंत्रणा सुरू झाली. पहिली काही वर्षं जमीन तापण्यातच गेली, मग गरजेच्या 90 टक्क्यांहून जास्त ऊब सूर्याची मिळू लागली. पुढे यंत्रं जुनी झाली, दुरुस्ती परवडेना आणि 2024 मध्ये ती बंद करावी लागली. देखभालीचा खर्च पहिल्याच बैठकीत मांडा. वाहतं भूजल साठवलेली उष्णता घेऊन जातं, तेव्हा भूजलतज्ज्ञाचा अहवाल हातात येईपर्यंत एकही बोअर नको.

प्रश्न: वाळूची बॅटरी, म्हणजे वाळू तापवून उष्णता साठवणारी टाकी, घरात बसेल का?

फिनलंडमधल्या कांकानपाची 2022 ची वाळूची बॅटरी 100 टनांची आहे. ती गावाच्या उष्णताजाळ्याला, म्हणजे घरोघरी ऊब पोचवणाऱ्या नळांना, जोडलेली आहे, घराला नाही.

प्रश्न: आधी इन्सुलेशन की आधी सौर यंत्रणा?

इन्सुलेशन. या हिवाळ्याच्या आत घरातून उष्णता कुठे निसटते ते तपासून घ्या. तो अहवाल आला की साठवणीचं विचारा.