बालीच्या लेस गावात सहा महिने राहणं आणि जागा घेणं

तुमचा प्रश्न असा: बालीच्या उत्तर किनाऱ्यावर लेस नावाचं गाव आहे, तिथे आम्ही नवराबायको सहा महिने राहू शकतो का, आणि आवडलं तर चार-पाच गुंठे घेऊन छोटं घर बांधता येईल का?

राहा, अगदी खुशाल राहा. जमीन मात्र विकत मिळणार नाही. हे आधी नीट समजून घ्या, कारण लोकांचे पैसे इथेच बुडतात.

इंडोनेशियाच्या १९६० च्या जमीन कायद्यात पूर्ण मालकी, म्हणजे 'हाक मिलिक', फक्त तिथल्या नागरिकाला मिळते. एजंट म्हणेल, 'कागदोपत्री माझ्या नावावर घेऊ, आपसात वेगळा करार करू.' असल्या फंदात पडू नका. त्याच कायद्याचं २६ वं कलम असा आडमार्गाचा व्यवहार रद्द ठरवतं, जमीन सरकारजमा होते आणि दिलेली रक्कम परत मागता येत नाही. मुक्कामाचा परवाना असलेल्या परदेशी माणसाला 'हाक पाकाई' हा वापराचा हक्क मिळू शकतो, पण टुरिस्ट व्हिसावर तो मिळेल असं धरून चालू नका. गावात प्रत्यक्ष चालतो तो लांब मुदतीचा भाडेपट्टा, बहुधा २५ वर्षांचा, आणि सगळी रक्कम आधी मोजून.

मोजमाप आपल्या ओळखीचं आहे. सातबाऱ्यावर हेक्टर-आर लिहितात तोच हा आर, १०० चौरस मीटर, गुंठ्याहून किंचित लहान. भाव मात्र 'प्रति आर, प्रति वर्ष' सांगतात आणि तिथेच गफलत होते. समजा कुणी ५ 'जुता' म्हणाला. एक जुता म्हणजे १० लाख रुपिया. ४ आर, २५ वर्षं, म्हणजे ५०० जुता, थेट ५० कोटी रुपिया. शिवाय भाड्यावर १० टक्के कर असतो. तो खरं तर मालकाचा, पण करारात हळूच भाडेकरूच्या माथी मारतात. तो कोण भरणार आणि मुदत वाढवताना भाव कसा ठरणार, ही दोन्ही कलमं नोटरीसमोर लिहून घ्या. 'तेव्हाचा बाजारभाव' एवढंच लिहिलेलं असेल तर वाढीव मुदतीचा भरवसा धरू नका.

कागद तपासताना मूळ सर्टिफिकेट जमीन कार्यालयात पडताळून घ्या. नाव वारलेल्या आजोबांचं आणि वापर तीन भावांचा, ही सामाईक खात्याची भानगड तिथेही आहे. सगळ्या वारसांच्या सह्या हव्यात. काही जमिनी 'देसा अदात'च्या, म्हणजे परंपरागत गावसंस्थेच्या असतात. कसणारं कुटुंब पिढ्यान् पिढ्या तिथे असलं, तरी गावाला वगळून ती परस्पर कुणाला देऊ शकत नाही. प्लॉटवर देव्हारा असेल किंवा देवळाकडे, समुद्राकडे जाणारी गावाची वाट त्यातून जात असेल, तर तो प्लॉट सोडून द्या. भरतीरेषेपासून साधारण १०० मीटरच्या पट्ट्यात बांधकामाला परवानगी मिळत नाही, त्यामुळे 'अगदी समुद्राला लागून' हे गुण म्हणून सांगितलं तर सावध व्हा.

भारतातून पैसे पाठवायचा नियमही बघा. ५ वर्षांपर्यंतचा भाडेपट्टा परदेशी स्थावर मालमत्तेच्या नियमांत येत नाही. त्याहून लांब असेल तर रक्कम एलआरएसमधून (परदेशी पैसे पाठवायची रिझर्व्ह बँकेची योजना), माणशी वर्षाला अडीच लाख डॉलरच्या मर्यादेत जाते, आणि आयकर विवरणपत्रात परदेशी मालमत्ता म्हणून दाखवावी लागते. म्हणून माझा सल्ला: पहिलं वर्ष साधं घर भाड्याने घ्या.

व्हिसा ऑन अरायव्हल ५ लाख रुपियांचा, ३० दिवसांचा आणि फक्त एकदा वाढणारा. सहा महिन्यांसाठी तो पुरणार नाही. ६० दिवसांचा, दोनदा वाढवता येणारा व्हिसा आधीच काढा. वाढीचं काम उत्तर किनाऱ्यावरच्या सिंगाराजा शहरातल्या इमिग्रेशन कार्यालयात होतं. मुदत चुकली तर दंड दिवसाला १० लाख रुपिया. बाली बेटाचा १.५ लाख रुपियांचा पर्यटक कर वेगळा.

विमानतळ बेटाच्या दक्षिण टोकाला, लेस उत्तरेला तेजाकुला तालुक्यात. अंतर शंभरएक किलोमीटर, पण तीन तास धरा, जास्तच. रस्ता किंतामनीवरून दीड हजार मीटर चढतो, मग कुबुतंबाहानला उतरून पूर्वेला वळतो. वर संध्याकाळनंतर दाट धुकं असतं, म्हणून रात्रीचं विमान असेल तर दक्षिणेतच मुक्काम करा. स्कूटर चालवणार असाल तर आंतरराष्ट्रीय परवान्यावर दुचाकीचा शिक्का हवा. तो नसेल तर अपघातात विमा कंपनी हात वर करते. मोठं इस्पितळ तीसएक किलोमीटरवर सिंगाराजात आहे.

घर बघताना विजेचा मीटर आधी बघा. तो प्रीपेड असतो. दुकानातून किंवा फोनवरून टोकन घ्यायचं, २० आकडे मीटरवर दाबायचे. शिल्लक संपत आली की तो टीटी करत राहतो. जोडणी १३०० व्हीएची (एका वेळी किती वीज खेचता येते त्याचं हे माप) असेल तर एसी, पाण्याचा पंप आणि राइस कुकर एकाच वेळी चालणार नाहीत, खटका पडेल. २२०० ची जोडणी असलेलं घर शोधा. किनाऱ्याजवळच्या विहिरीचं पाणी कोरड्या दिवसांत मचूळ होतं. हा किनारा दक्षिणेपेक्षा बराच कोरडा आहे, म्हणून पाणी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये चाखून बघायचं. प्यायला १९ लिटरचे 'गालोन' मिळतात.

शाकाहारी असाल तर तेंपे (आंबवलेल्या सोयाबीनची वडी) आणि ताहू (टोफू) कायम मिळतात. घात करते ती 'तेरासी', कोळंबीची आंबवलेली पेस्ट. सांबालमध्ये, म्हणजे तिथल्या तिखट चटणीत, ती बहुतेकदा असते, त्यामुळे 'तानपा तेरासी' (तेरासी नको) हे शब्द पाठ करा. मूग सहज मिळतात, तूरडाळ इथूनच न्या.

न्येपी हा त्यांच्या शकवर्षाचा पहिला दिवस, आपल्याच शकाचा. २०२६ मध्ये न्येपी आणि गुढीपाडवा एकाच दिवशी, १९ मार्चला. त्या दिवशी विमानतळ बंद, घराबाहेर पडायचं नाही, दिवे लावायचे नाहीत. आदल्या दिवशी पाणी आणि शिजवायचं सामान भरून ठेवा. गावात पोचल्यावर पहिल्याच आठवड्यात पासपोर्टची प्रत घेऊन गावप्रमुखाला, म्हणजे 'पेरबेकल'ला भेटा.

एक कळकळीची विनंती. किनाऱ्यावर मीठ पिकवणाऱ्यांचे वाफे दिसतील. मातीवर समुद्राचं पाणी शिंपडून ती वाळवतात, खरवडून 'तिंजुंग' नावाच्या निमुळत्या टोपलीत भरतात, वरून पुन्हा समुद्राचं पाणी ओततात. खाली ठिबकलेलं खारं पाणी नारळाच्या चिरलेल्या खोडांत उन्हाला ठेवतात. एका सरीत सगळी मेहनत वाहून जाते. असा वाफा कुणी 'प्लॉट' म्हणून दाखवला तर नको म्हणा, आणि मीठ मात्र त्यांच्याकडूनच घ्या.