वाचकांचे प्रश्न : कोड खुला आहे, मग लोगोचं काय?

ओपन सोर्स सॉफ्टवेअरचे, म्हणजे ज्याचा कोड कोणालाही वाचता, बदलता आणि वापरता येतो त्याचे, लोगो धंद्यात वापरण्याबद्दल आलेल्या पत्रांतले निवडक प्रश्न या वेळी घेतले आहेत. एकसारखे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न : मी टी-शर्ट, कप आणि स्टिकर छापून ऑनलाइन विकते. प्रोग्रामर मंडळींकडून ओपन सोर्स प्रकल्पांच्या लोगोंना चांगली मागणी असते. या प्रकल्पांच्या लायसन्समध्ये व्यावसायिक वापर चालेल असं स्पष्ट लिहिलेलं असतं. मग लोगो छापायला वेगळी परवानगी कशाला?

उत्तर : कारण ते लायसन्स कोडचं आहे. लोगोवर दोन हक्क एकाच वेळी लागू असतात. चित्र म्हणून त्यावर कॉपीराइट असतो, आणि माल कोणाचा हे ओळखायची खूण म्हणून ट्रेडमार्क. ओपन सोर्स लायसन्स मुख्यतः कॉपीराइटची सोय लावतात. ट्रेडमार्कच्या बाबतीत ते एक तर हात राखून असतात किंवा सरळ नाही म्हणतात. अपाची लायसन्स २.० चं कलम ६ उघडून वाचा : काम मूळचं कोणाचं हे सांगण्यापुरता रीतसर उल्लेख सोडला, तर नाव आणि ट्रेडमार्क वापरायची परवानगी मिळत नाही. मोझिला पब्लिक लायसन्स २.० मध्ये हेच कलम २.३ मध्ये आहे. तीन कलमी बीएसडी लायसन्समध्ये लेखकांचं नाव तुमच्या मालाच्या प्रचारासाठी वापरायचं असेल, तर आधी लेखी परवानगी घ्यावी लागते. एमआयटी लायसन्स ट्रेडमार्कबद्दल चकार शब्द काढत नाही आणि लोक नेमके तिथे फसतात. लिहिलं नाही म्हणजे मोकळीक आहे, असा अर्थ ते काढतात.

लोगोची फाइल क्रिएटिव्ह कॉमन्स या, चित्रं-लेखन मोकळेपणाने वापरू देणाऱ्या लायसन्सखाली दिलेली दिसली, तरी काम अर्धंच झालं. त्या लायसन्सच्या ४.० आवृत्तीतच लिहिलं आहे की पेटंट आणि ट्रेडमार्कचे हक्क यातून मिळत नाहीत.

टी-शर्टचा मामला इतर वापरांपेक्षा नाजूक आहे, कारण गिऱ्हाईक पैसे लोगोसाठीच मोजतं. 'आम्ही फक्त उल्लेख करतोय' हा बचाव इथे फारसा टिकत नाही. काही जण वर्गवारीतून पळवाट शोधतात. ट्रेडमार्कची नोंदणी मालाच्या वर्गानुसार होते : सॉफ्टवेअर वर्ग ९, सॉफ्टवेअर सेवा वर्ग ४२, कपडे वर्ग २५, कप वर्ग २१, स्टिकर वर्ग १६. प्रकल्पाने २५ मध्ये नोंदणी केलेली नाही म्हणून कपडे मोकळे, हा तर्क धोक्याचा आहे. नोंदणी नसलेल्या खुणेलाही बऱ्याच देशांत संरक्षण मिळतं, आणि चित्रावरचा कॉपीराइट वर्ग बघत नाही.

म्हणून प्रकल्पाच्या वेबसाइटच्या तळाशी 'ट्रेडमार्क पॉलिसी' किंवा 'ब्रँड गाइडलाइन्स' शोधा आणि त्यात 'मर्चंडाइज' हा शब्द गाठा. प्रकल्पागणिक उत्तर बदलतं. डेबियन या लिनक्सवर आधारलेल्या ऑपरेटिंग सिस्टिमची पॉलिसी उदार आहे. विकायच्या वस्तूंवरही त्यांची खूण चालते, फक्त किमतीतला किती भाग प्रकल्पाला देणगी जाणार हे गिऱ्हाइकाला खरंखरं सांगावं अशी त्यांची शिफारस आहे. डेबियनचे लोगोही दोन आहेत. नुसती लाल भोवऱ्यासारखी गुंडाळी खुल्या वापरासाठी आहे, तर बाटलीतून ती गुंडाळी निघते तो लोगो राखीव आहे. पायथन या प्रोग्रामिंग भाषेचा दोन सापांचा लोगो विक्रीच्या टी-शर्टवर हवा असेल, तर पायथन सॉफ्टवेअर फाउंडेशनला आधी विचारावं लागतं.

तुमच्या धंद्याला मॅस्कॉट, म्हणजे प्रकल्पाची ओळख बनलेले प्राणी किंवा पात्रं, जास्त सोयीचे आहेत. लिनक्सचा पेंग्विन टक्स लॅरी युइंग यांनी १९९६ मध्ये गिंप हे चित्रांचं सॉफ्टवेअर वापरून काढला. तो वापरायला आणि बदलायला मुभा आहे, कोणी विचारलं तर युइंग आणि गिंप यांचं नाव सांगायचं. गो या प्रोग्रामिंग भाषेचा गोफर रेने फ्रेंच यांचा आहे आणि श्रेय देण्याच्या अटीवर क्रिएटिव्ह कॉमन्सखाली मिळतो, मात्र 'गो' ही अक्षरं असलेला लोगो वेगळा मोजा. अँड्रॉइडच्या हिरव्या रोबोचंही तसंच : चित्र क्रिएटिव्ह कॉमन्सच्या ३.० ॲट्रिब्यूशन (श्रेय देण्याच्या) लायसन्सखाली आहे, 'अँड्रॉइड' हे नाव गूगलचा ट्रेडमार्क आहे. श्रेयाची ओळ कपड्याच्या टॅगवर आणि विक्रीच्या पानावर, दोन्हीकडे टाका. टॅग पहिल्याच दिवशी कापून फेकला जातो.

छपाईच्या दिवशीच पॉलिसीचं पान पीडीएफ करून तारखेसह ठेवा. पॉलिसी बदलतात. मागणीनुसार छापून देणाऱ्या साइट तक्रार आली की आधी माल उतरवतात, चर्चा मागाहून. तेव्हा हीच फाइल हाताशी लागते.

प्रश्न : सिंपल आयकॉन्स या लोगोंच्या तयार संचातून लोगो घेतले तर? ते सगळे सीसी झिरो, म्हणजे कॉपीराइट सोडून दिलेले आहेत.

उत्तर : सीसी झिरो आहे ती त्यांनी तयार केलेली एसव्हीजी चित्रफाइल. त्या फाइलीत ज्याचा लोगो आहे त्याचा ट्रेडमार्क आहे तिथेच राहतो. फॉन्ट ऑसम, डेव्हआयकॉन या आयकॉनसंचांची लायसन्स वेगळी आहेत, पण ट्रेडमार्कच्या बाबतीत त्यांनाही हेच लागू. शिवाय हे संच लोगो एकरंगी करतात किंवा चौकोनात बसवतात, आणि बऱ्याच ब्रँड गाइडलाइन्सना नेमकं तेच खपत नाही. परवानगी मिळाली असेल तर फाइल प्रकल्पाच्या प्रेस किटमधूनच, म्हणजे त्यांनी स्वतः ठेवलेल्या अधिकृत लोगोंच्या संचातूनच घ्या.

प्रश्न : आमची छोटी कंपनी ओपन सोर्स सॉफ्टवेअर बसवून देते आणि त्याची देखभाल करते. वेबसाइटवर 'आम्ही यांवर काम करतो' म्हणून दहाबारा लोगोंची पट्टी लावली आहे. काढावी का?

उत्तर : सरसकट काढायची गरज नाही, पण आधी हे काम शब्दांनी भागतं का ते बघा. 'आम्ही पोस्टग्रेसक्यूएल सर्व्हर बसवून देतो' असं लिहायला सहसा कोणाची परवानगी लागत नाही. दुसऱ्याच्या वस्तूबद्दल बोलताना तिचं नाव घ्यावंच लागतं आणि अनेक देशांचे कायदे हे मानतात. अमेरिकी न्यायालयांनी यासाठी तीन कसोट्या वापरल्या आहेत : नाव घेतल्याशिवाय वस्तू ओळखता येत नसावी, गरजेपुरतंच घ्यावं, आणि मालकाचा पाठिंबा आहे असा भास होऊ नये. लोगो अडतो तो दुसऱ्या कसोटीवर. नावाने भागत असताना चित्र कशाला, हा प्रश्न उभा राहतो.

पट्टी ठेवायचीच असेल तर प्रत्येक लोगोची पॉलिसी वाचा, तो तुमच्या लोगोपेक्षा लहान ठेवा, हेडरमध्ये घेऊ नका. रंग, प्रमाण, भोवतालची मोकळी जागा यांना हात लावू नका. वरचं शीर्षक 'भागीदार' असं अजिबात नको, कारण भागीदारी हा वेगळा करार असतो. तळाला एक ओळ द्या : 'येथील नावे व लोगो हे त्या त्या मालकांचे ट्रेडमार्क आहेत. आमचा त्यांच्याशी संबंध नाही व त्यांनी आम्हाला मान्यता दिलेली नाही.' नोंदणीची वर्तुळातली 'आर' खूण स्वतःच्या मनाने जोडू नका. ट्रेडमार्क नोंदलेला नसताना ती लावणं अनेक देशांत गुन्हा आहे.

दोन ठिकाणी विशेष जपा. एक, प्रमाणपत्राचे लोगो. 'सर्टिफाइड कुबरनेटीस'चा बिल्ला ठरलेली चाचणी उतरलेल्या उत्पादनांसाठीच आहे, कुबरनेटीस वापरणाऱ्या प्रत्येकासाठी नाही. दुसरं, कंपनीचं नाव आणि डोमेन. वर्डप्रेस फाउंडेशनच्या नियमांनुसार डोमेनच्या मुख्य नावात 'वर्डप्रेस' हा शब्द चालत नाही. लिनक्स हा लिनस टोरवाल्ड्स यांचा नोंदलेला ट्रेडमार्क आहे आणि तो शब्द तुमच्या उत्पादनाच्या नावाचा भाग करायचा असेल तर लिनक्स फाउंडेशनकडून उपपरवाना घ्यावा लागतो. तो फुकट मिळतो, तरी घेणारे थोडे.

प्रश्न : एका ओपन सोर्स प्रॉडक्टचा कोड घेऊन आम्ही बरेच बदल केले आणि ते आमच्या नावाने विकणार आहोत. मूळ लोगो कुठून कुठून काढायचा?

उत्तर : काढावा लागणार हे तुम्ही गृहीत धरलंत हे बरं झालं. रेड हॅट कंपनीच्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या कोडवरून सेंटओएस ही दुसरी सिस्टिम बांधताना रेड हॅटचं नाव आणि लोगो गाळावे लागत. डेबियनने २००६ मध्ये आपल्याकडच्या आवृत्तीत मोझिलाच्या फायरफॉक्स ब्राउझरचं नाव बदलून आइसवीझल केलं तेही याच कारणाने. मोझिलाला नावासोबत अधिकृत लोगो हवा होता आणि बदल आधी दाखवून घ्यायचे होते, तर तो लोगो डेबियनच्या मुक्ततेच्या व्याख्येत बसत नव्हता. हा तिढा २०१६ मध्ये सुटला.

काढण्याआधी लायसन्स फाइल शेवटपर्यंत वाचा, कारण कधी उलटंही असतं. शुगरसीआरएम या ग्राहकांच्या नोंदी सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरची कम्युनिटी आवृत्ती एजीपीएल ३ या लायसन्सखाली होती, आणि त्याच्या कलम ७(बी) च्या आधाराने 'पॉवर्ड बाय शुगरसीआरएम' हा लोगो दिसत राहिला पाहिजे अशी अट तिला जोडलेली होती. तिथे लोगो काढणं हाच भंग.

अशी अट नसेल तर कामाला लागा. नावाच्या शोधाने निम्मंच हाती लागतं, चित्रं वेगळी शोधावी लागतात : फेविकॉन (ब्राउझरच्या टॅबवरचं छोटं चित्र) आणि त्याचे सगळे आकार, लॉगिनचं पान, इन्स्टॉलर, सुरू होतानाचा स्प्लॅश, 'अबाउट'ची खिडकी, आपोआप जाणाऱ्या ईमेलचे साचे, पीडीएफ अहवालाचा माथा, मदतपुस्तिकेतले स्क्रीनशॉट. पानाची मांडणी ठरवणाऱ्या सीएसएस फाइलीत बेस६४ करून, म्हणजे चित्राची अक्षरं बनवून, कोंबलेला लोगो हमखास राहून जातो. भाषांतराच्या फाइलीही विसरल्या जातात. तिथे नाव देवनागरीत किंवा सिरिलिकमध्ये लिहिलेलं असतं, त्यामुळे रोमन लिपीत शोधून ते सापडत नाही आणि मराठी इंटरफेस उघडला की मूळ नाव समोर येतं. तपासणी खासगी विंडोत करा, नाहीतर ब्राउझर जुना फेविकॉनच दाखवत राहील.

फाइल पाथ, लायब्ररीची नावं, एपीआयचे हेडर यांतलं नाव बदलायच्या फंदात पडू नका. सुसंगतता मोडते, आणि ते गिऱ्हाइकाला दिसतही नाही. सगळ्यात महागात पडणारी चूक वेगळीच : नावावर सरसकट 'शोधा आणि बदला' चालवलं की त्यात कॉपीराइटच्या ओळीही बदलून जातात. त्या ओळी, लायसन्स फाइल आणि असल्यास नोटिस फाइल जशीच्या तशी राहिली पाहिजे. नाहीतर ट्रेडमार्क सांभाळायला गेलात आणि कॉपीराइटचं लायसन्स मोडून बसलात असं होईल. 'अमुक सॉफ्टवेअरवर आधारित' हे साध्या अक्षरांत, लोगोशिवाय लिहायला सहसा हरकत नसते.

प्रश्न : पुस्तकाच्या मुखपृष्ठावर लोगो?

उत्तर : शीर्षकात नाव चालतं, पुस्तक त्याच विषयावर आहे. लोगोसाठी पॉलिसी बघा. 'अधिकृत', 'संपूर्ण अधिकृत मार्गदर्शक' असले शब्द टाळा. लोगोचे रंग बदलून 'हा आमचा वेगळा लोगो' म्हणणं तर मुळीच नको. ओळखू येण्याइतका सारखा असेल तर तो ट्रेडमार्कच्या कक्षेत येतोच, वर बदल केल्याचा ठपका.

प्रश्न : परवानगी मागायची कोणाकडे आणि पत्रात लिहायचं काय?

उत्तर : ट्रेडमार्क ज्याच्या नावावर आहे त्याच्याकडे. तो बहुधा एखादं फाउंडेशन किंवा कंपनी असते. डेबियनचा ट्रेडमार्क 'सॉफ्टवेअर इन द पब्लिक इंटरेस्ट' या संस्थेकडे आहे. कोड लिहिणाऱ्या एखाद्याने चर्चेत 'खुशाल वापरा' म्हटलं तर तो सज्जनपणा झाला, परवानगी झाली नाही. उत्तर आलं नाही तर तोही होकार धरू नका.

'तुमचा लोगो वापरू का?' अशा पत्राला उत्तर देणं त्यांनाही अवघड जातं. वाचून लगेच हो किंवा नाही म्हणता येईल इतका तपशील द्या. उदाहरणार्थ :

'तुमच्या प्रेस किटमधील आडवा लोगो काळ्या सुती टी-शर्टवर, छातीवर, २० सेंटीमीटर रुंदीत, रंग न बदलता छापण्याची परवानगी हवी आहे. संख्या ३००, विक्री ऑनलाइन, मुदत एक वर्ष. टॅगवर आमच्या दुकानाचे नाव व "प्रकल्पाने प्रायोजित केलेले नाही" ही ओळ असेल. विक्रीच्या १० टक्के रक्कम प्रकल्पाला देऊ. छपाईचा नमुना जोडला आहे.'

पत्र इंग्रजीत पाठवा, नमुन्याचं चित्र न विसरता जोडा, आणि होकार आला की छपाई त्या नमुन्याबरहुकूमच करा. पुढे कप काढायचे ठरले तर पुन्हा विचारा. छपाई कारखान्याला आगाऊ रक्कम द्यायची ती होकार आल्यानंतर.

प्रश्न : आमचा स्वतःचा छोटा ओपन सोर्स प्रकल्प आहे. लोगोबद्दल काही लिहून ठेवावं का?

उत्तर : जरूर. लोगोच्या फाइली वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा आणि त्यातच एक छोटी टीप लिहा : कोडचं लायसन्स या फाइलींना लागू आहे की नाही, न विचारता काय चालेल, कशासाठी विचारायचं, कुठे विचारायचं. ते लिहिलं नाही तर लोगोला कोडचंच लायसन्स लागू आहे असं समजून लोक वापरतात, आणि त्यांना दोषही देता येत नाही. लोगो दुसऱ्याकडून काढून घेतला असेल तर त्याचा कॉपीराइट लेखी करून घ्या. सगळ्यांना सगळं मोकळं सोडून कोण काय विकतंय हे बघायचंच नाही, असंही करू नका. मालाच्या दर्जावर काहीच लक्ष न ठेवणाऱ्याचा ट्रेडमार्कवरचा हक्क काही देशांत न्यायालयात टिकत नाही. नियम फार आवळलेत तर तेही अंगाशी येतं. रस्ट या प्रोग्रामिंग भाषेच्या रस्ट फाउंडेशनने २०२३ मध्ये ट्रेडमार्क पॉलिसीचा मसुदा अभिप्रायासाठी ठेवला तेव्हा तो इतका जाचक वाटला की वापरणाऱ्यांनीच टीकेची झोड उठवली आणि फाउंडेशनला माफी मागावी लागली. तुमच्या आकाराच्या प्रकल्पाला एक पान पुरे, आणि स्थानिक भेटीगाठींसाठी छापलेले स्टिकर त्यात आधीच मोकळे करून टाका. त्याबद्दलच सर्वांत जास्त विचारणा होते.