घरच्या जुन्या व्हिडिओ कॅसेट डिजिटल करण्यासाठी कोणते उपकरण घ्यावे?

घरातल्या व्हीएचएस आणि कॅमकॉर्डरच्या कॅसेट संगणकावर उतरवण्यासाठी कोणते यूएसबी कॅप्चर उपकरण घ्यावे, असे आपण विचारले आहे. माझ्या मते आधी चांगला प्लेअर मिळवावा आणि कॅप्चर उपकरणाचा विचार त्यानंतर करावा, कारण प्लेअरच्या हेडने (टेप वाचणाऱ्या भागाने) टेपवरून जे नीट उचलले नाही, ते पुढचे कोणतेही यंत्र परत आणू शकत नाही.

त्याआधी कॅसेटचे प्रकार वेगळे करावेत. मिनी डीव्हीवरचे चित्रण मुळातच डिजिटल असते. कॅमकॉर्डर फायरवायरने (डिजिटल चित्रण संगणकात नेणाऱ्या केबलने) संगणकाला जोडला की त्याची जशीच्या तशी नक्कल मिळते आणि तासाला साधारण १३ जीबी जागा लागते. ते ॲनालॉग कॅप्चरमधून नेणे म्हणजे विनाकारण गुणवत्ता घालवणे होय. व्हिडिओ ८ आणि हाय ८ कॅसेट व्हीसीआरमध्ये (व्हीएचएस प्लेअरमध्ये) चालत नाहीत, परंतु डिजिटल ८ कॅमकॉर्डरची बरीच मॉडेल त्या वाजवतात आणि फायरवायरने डिजिटल रूपात बाहेर देतात. व्हीएचएस-सी कॅसेट अडॅप्टरमध्ये घालून व्हीसीआरवर चालते.

व्हीएचएससाठी मात्र निवड काळजीपूर्वक करावी लागते. फुनाई या शेवटच्या उत्पादकाने २०१६ मध्ये व्हीसीआर बनवणे थांबवल्यामुळे आता वापरलेलाच प्लेअर मिळतो. शक्य असल्यास एस-व्हिडिओ आउटपुट आणि टाइम बेस करेक्टर असलेला एस-व्हीएचएस (व्हीएचएसची सुधारित आवृत्ती) प्लेअर शोधावा. टेपचा वेग किंचित कमीजास्त होत असल्याने चित्राची प्रत्येक ओळ थोडी आधी किंवा उशिरा सुरू होते आणि सरळ खांबही लहरताना दिसतो. हा करेक्टर ओळी स्मृतीत साठवून ठरलेल्या वेळी पुढे सोडतो. व्हीएचएस टेपवर चित्राचा उजेड आणि रंग वेगवेगळे नोंदलेले असतात, आणि एस-व्हिडिओ केबल त्यांना वेगळेच ठेवते. पिवळ्या पिनच्या कंपोझिट केबलमध्ये ते एकत्र होतात आणि पुन्हा वेगळे करताना चित्र बिघडते.

अस्थिर सिग्नल मिळाला की स्वस्त यूएसबी उपकरणे फ्रेम गाळतात आणि हळूहळू आवाज चित्राच्या पुढे-मागे होतो. करेक्टरचा प्लेअर मिळाला नाही, तर सिग्नल एखाद्या डीव्हीडी रेकॉर्डरमधून पुढे नेऊन पाहावा. काही मॉडेल तो बऱ्यापैकी स्थिर करतात.

कॅप्चर उपकरणाला एस-व्हिडिओ इनपुट असावे आणि त्याने पालचे (भारतातील टीव्ही पद्धतीचे) ७२० × ५७६ किंवा एनटीएससीचे (अमेरिकेतील पद्धतीचे) ७२० × ४८० चित्र इंटरलेस स्वरूपातच, म्हणजे एकाआड एक ओळींच्या दोन भागांत, द्यावे. एचडीएमआयमध्ये रूपांतर करून चित्र मोठे करणारे स्वस्त डबे मी टाळण्यास सांगेन, कारण ते डीइंटरलेसिंग (हे दोन भाग जोडून पूर्ण चित्र करणे) घाईने उरकतात आणि हरवलेली हालचाल नंतर मिळवता येत नाही. थेट मेमरी कार्डावर दाबून लिहिणाऱ्या उपकरणांविषयीही माझे हेच मत आहे. मूळ प्रत हफ-वाययूव्हीसारख्या लॉसलेस कोडेकमध्ये (गुणवत्ता न गमावता साठवणाऱ्या पद्धतीत) घ्यावी. तासाला ३० जीबी किंवा त्याहून अधिक जागा लागते, पण पाहण्यासाठीची लहान फाइल त्यातून केव्हाही बनवता येते.

रिळावर पांढरी बुरशी दिसली, तर ती कॅसेट स्वच्छ करून घेतल्याखेरीज प्लेअरमध्ये घालू नये. हेड खराब होते आणि बुरशी पुढच्या कॅसेटनाही लागते. बाकीच्या कॅसेट एकदा शेवटपर्यंत पुढे नेऊन पुन्हा मागे गुंडाळाव्यात आणि नव्याने आणलेल्या प्लेअरमध्ये पहिली कॅसेट अशी घालावी, जी अडकून तुटली तरी चालेल.