वडिलांची आरएक्स १००, इंजिनाचा नंबर मात्र वेगळा

परळच्या एका वाचकाचे पत्र आले आहे. त्यांच्या वडिलांनी जून १९९५ मध्ये यामाहा आरएक्स १०० घेतली. पासिंग ताडदेव आरटीओचे. पंधरा वर्षांनंतर वडिलांनी दोनदा नूतनीकरण करून घेतले, दुसऱ्याची मुदत जून २०२० मध्ये संपली. २०२२ मध्ये वडील गेले. गाडी चाळीच्या जिन्याखाली पडून होती, ती यंदा मुलाने उभी केली. इंजिनाचे चेंबर, म्हणजे बाहेरचे धातूचे कवच, फुटले होते म्हणून मेकॅनिकने कुर्ल्याच्या भंगार बाजारातून दुसरे इंजिन आणून बसवले, चेसिसला पावडर कोटिंग केले आणि मूळ सायलेन्सर काढून एक्सपान्शन चेंबर, म्हणजे रेसिंगचा मोठ्या आवाजाचा सायलेन्सर, लावला. ट्रायलला बाहेर काढली, तर भारतमाता सिग्नलजवळ वाहतूक पोलिसांनी अडवून नोंदणी आणि विमा नसल्याचे ई-चलन केले. आता एजंट सांगतो की पंधरा वर्षांवरची गाडी मुंबईत चालतच नाही, भंगारात काढा; ठेवायचीच असेल तर बसवलेल्या इंजिनावर आरसीतला जुना नंबर पंच करून पासिंग करून देतो. शिवाय कोर्टाचा वारस दाखला आणा असेही त्याचे म्हणणे आहे. आई, बहीण आणि स्वतः असे तिघे वारस आहेत. गाडी कायदेशीर करता येईल का, हा प्रश्न.

येईल. पण त्या एजंटला आजच्या आज नाही म्हणून सांगा. इंजिनावर नंबर पंच करायला होकार दिलात, तर आज जे कागदपत्रांचे काम आहे त्याची उद्या फौजदारी केस होईल.

कायद्याच्या लेखी तुमच्या गाडीची ओळख दोन नंबरांत आहे, चेसिस नंबर आणि इंजिन नंबर. एका इंजिनाचा नंबर घासून त्यावर दुसऱ्याचा ठोकणे आणि ते इंजिन मूळचेच म्हणून निरीक्षकापुढे उभे करणे ही फसवणूक आहे. धोका तेवढ्यावर थांबत नाही. आरएक्स १०० चे उत्पादन १९९६ मध्ये थांबले, मागणी मात्र कमी झाली नाही. त्यामुळे भंगारात आलेले चांगले इंजिन कुठल्या गाडीतून निघाले, हे विचारल्याशिवाय घेऊच नये. ते चोरीच्या गाडीचे निघाले, तर भारतीय न्याय संहितेचे कलम ३१७ पाहिले जाते. माल चोरीचा आहे हे ठाऊक असून, किंवा तसे मानायला कारण असून तो जवळ ठेवणे हा गुन्हा आहे. आज तुम्ही निर्धास्तपणे सांगू शकता की मेकॅनिकने आणले, मला माहीत नव्हते. नंबर घासून घेतलेला माणूस हे वाक्य कोणत्या तोंडाने बोलणार? घासलेला नंबर कायमचा पुसला जातो असेही समजू नका. न्यायवैद्यक प्रयोगशाळेत धातूवर रसायन लावून खालचा मूळ नंबर पुन्हा दिसू शकतो.

म्हणून पहिले काम मेकॅनिककडे जाऊन विचारण्याचे: जुने चेंबर कुठे आहे? ते अजून त्याच्या गॅरेजमध्ये पडले असेल तर तुमचे निम्मे संकट टळले. इंजिन नंबर असतो तो चेंबरवर, म्हणजे क्रँककेसवर. ब्लॉक, पिस्टन, क्रँक, कनेक्टिंग रॉड, गिअर, क्लच हे सगळे बदलले तरी नंबर बदलत नाही आणि आरसीतल्या नोंदीला धक्का लागत नाही. ॲल्युमिनियमचे चेंबर तडकले असेल तर आर्गन वेल्डिंगने सांधता येते आणि बेअरिंगच्या जागा मशीन शॉपमध्ये पुन्हा नीट करून घेता येतात. कुर्ल्याहून आणलेल्या इंजिनाच्या मालकीचा कागद मिळाला, तर त्याचे आतले चांगले भाग वडिलांच्या चेंबरमध्ये बसवा. चार पैसे जास्त जातील, पण आरटीओत उभे राहाल तेव्हा आरसीवर जे लिहिले आहे तेच गाडीवर असेल. वकील म्हणून मला याहून चांगला मार्ग दिसत नाही.

चेंबर वितळवायला गेले असेल, तर रस्ता लांबचा आहे, बंद नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे इंजिन बदलल्यास चौदा दिवसांच्या आत आरसीसह आरटीओला कळवायचे असते. ती मुदत उलटली असेल तर आता कळवा आणि उशिराचे कारण अर्जातच लिहा. लपवलेले अधिकाऱ्याने शोधून काढण्यापेक्षा तुम्ही स्वतः सांगितलेले केव्हाही बरे. सोबत इंजिन विकणाऱ्याचे सही-शिक्क्याचे बिल हवे आणि ते ज्या गाडीतून निघाले तिच्या आरसीची किंवा नोंदणी रद्द झाल्याची प्रत हवी. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या ‘वाहन समन्वय’ सुविधेवर त्या इंजिनाचा नंबर चोरीच्या यादीत नाही ना, तेही तपासून घ्या आणि त्याची प्रत जोडा. इंजिन त्याच मेकचे आणि त्याच प्रकारचे असले पाहिजे. विकणारा यातला एकही कागद देत नसेल, तर इंजिन परत करा. पैसे बुडतील, बुडू द्या. पण ज्याचा धनी कोण हे माहीत नाही असे इंजिन घरात ठेवू नका.

आता वयाची गोष्ट. पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवरील बंदीची जी चर्चा तुमच्या एजंटने ऐकली आहे, ती दिल्ली आणि राष्ट्रीय राजधानी क्षेत्रातली आहे. राष्ट्रीय हरित लवादाचे आदेश आणि सर्वोच्च न्यायालयाचा २९ ऑक्टोबर २०१८ चा आदेश त्याच भागापुरता आहे. मुंबईत पेट्रोल-डिझेलच्या गाड्या टप्प्याटप्प्याने हटवता येतील का, यावर अभ्यास करायला राज्य सरकारने जानेवारी २०२५ मध्ये उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर समिती नेमली. समिती नेमणे म्हणजे बंदी नव्हे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ४१ नुसार खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते आणि पुढे प्रत्येक वेळी पाच वर्षांसाठी नूतनीकरण होते. गाडी तपासणीत उतरली पाहिजे, एवढीच अट. विंटेजच्या नोंदणीचा विचार मात्र सोडा, ती पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी आहे.

वारसांचा प्रश्न तुम्हाला वाटतो तेवढा अवघड नाही. भारतीय वारसा कायद्यातला वारसा दाखला, ज्याला कोर्टात सक्सेशन सर्टिफिकेट म्हणतात, तो येणी आणि रोखे यांच्यासाठी असतो, मोटरसायकलसाठी नाही. १८२७ च्या मुंबई रेग्युलेशन आठखाली मिळणारा वारस दाखला वाद असेल तेव्हा उपयोगी पडतो. तुमच्याकडे वाद नाही. मृत्यूचा दाखला, तिघांचे वारस असल्याचे प्रतिज्ञापत्र, आई आणि बहिणीची गाडी तुमच्या नावावर करायला हरकत नसल्याची नोटरी केलेली संमती, आणि नमुना ३१ मधला अर्ज, एवढ्याने काम व्हायला हवे. वडिलांची आई हयात असेल तर हिंदू वारसा कायद्याप्रमाणे त्याही पहिल्या वर्गाच्या वारस आहेत, त्यांचीही सही घ्या. हे बहुतेकजण विसरतात आणि मग खिडकीवरून परत येतात. नियमाप्रमाणे मृत्यूनंतर तीस दिवसांत आरटीओला कळवून तीन महिन्यांत अर्ज करायचा असतो. तुम्हाला उशीर झाला आहे, त्याची तडजोड रक्कम, म्हणजे खटल्याऐवजी भरायचा दंड, भरावी लागेल. उशीर झाला म्हणून हक्क जात नाही.

नूतनीकरणाचा अर्ज नमुना २५ मध्ये करायचा. तो आणि नावाचा अर्ज एकत्रच ठेवा. आधी हे करा मग ते, असे कोणी सांगितले तर तोंडी ऐकून परत फिरू नका, कारण लेखी मागा. लेखी नकार हातात आला की कलम ५७ खाली तीस दिवसांत अपील करता येते. नुसते ताटकळत ठेवले तर महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ खाली अपील आहे.

खर्चाचा अंदाज देतो. वीस वर्षांवरच्या मोटरसायकलच्या नूतनीकरणाची फी ऑगस्ट २०२५ च्या दुरुस्तीने २,००० रुपये झाली आहे. त्यावर राज्याचा पर्यावरण कर. २०१० मध्ये तो आला तेव्हा दुचाकीला पाच वर्षांचे २,००० रुपये होते, आजची रक्कम परिवहन पोर्टलवर अर्ज भरताना समोर येईल. वडिलांनी आधी भरलेल्या कराच्या पावत्या शोधून ठेवा. उशिराचा भार मोटरसायकलला दरमहा ३०० रुपये आहे आणि तुमच्या बाबतीत खरी मोठी रक्कम हीच होणार. इथे एक मुद्दा तुमच्या बाजूचा आहे. कोविडच्या काळात १ फेब्रुवारी २०२० नंतर मुदत संपलेली वाहनांची कागदपत्रे केंद्राने ३१ ऑक्टोबर २०२१ पर्यंत वैध मानली होती. तुमची मुदत जून २०२० मध्ये संपली, म्हणजे ती या सवलतीत येते. उशीर नोव्हेंबर २०२१ पासून मोजावा असा लेखी अर्ज द्या. मान्य होईलच असे मी म्हणत नाही, पण हा मुद्दा न मांडता पूर्ण रक्कम भरू नका.

तपासणीला निरीक्षक सर्वात आधी चेसिस नंबर पाहतील आणि त्याची पेन्सिलने छाप घेतील. पावडर कोटिंगचा थर त्या नंबरात भरला असण्याची दाट शक्यता आहे. हँडलच्या मानेजवळचा तो भाग बघा. अक्षरे बुजली असतील तर पेंट रिमूव्हर लावून मऊ कापडाने हळूहळू साफ करा. ग्राइंडर तिथे लावू देऊ नका, एक अंक जरी झिजला तरी गाडीकडे संशयाने पाहिले जाईल. रंग बदलला असेल तर त्याचीही आरसीत नोंद लागते. एक्सपान्शन चेंबर काढा आणि मूळ नमुन्याचा सायलेन्सर बसवा. असा बदल करणाऱ्या मालकाला कलम १८२अ खाली प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, आणि रात्रीच्या वेळी चाळीत तो आवाज कोणाला सोसतो? टायरची नक्षी किमान ०.८ मिलिमीटर, दोन्ही ब्रेक, दिवे, इंडिकेटर, साधा हॉर्न, आरसा, मागच्याला धरायला हँडल, पायटे आणि मागच्या चाकाला साडीगार्ड हे सगळे तपासा. उच्च सुरक्षा नंबरप्लेट अधिकृत केंद्रावरून घ्या. दुचाकीला ती ४५० रुपये अधिक जीएसटी इतक्याला मिळते.

पीयूसीला टू-स्ट्रोक गाडी नापास होणार, असे लोक धरून चालतात. तुमची गाडी ३१ मार्च २००० च्या आधीची आहे, तिला कार्बन मोनॉक्साइड ४.५ टक्के आणि हायड्रोकार्बन ९,००० पीपीएम अशी मर्यादा आहे. नंतरच्या टू-स्ट्रोकला ती ३.५ टक्के आणि ६,००० पीपीएम झाली. एअर फिल्टर नवा, सायलेन्सरमधला कार्बन साफ, ऑइल पंप नीट जुळवलेला आणि इंजिन गरम असेल तर आरएक्स १०० या मर्यादेत बसू शकते. मेकॅनिकला ‘जरा ऑइल जास्त सोडतो’ असे करू देऊ नका, धूर तिथूनच वाढतो.

विम्याकडे दुर्लक्ष नको. थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे. ७५ ते १५० सीसीच्या दुचाकीला २०२२ च्या दरपत्रकात वर्षाला ७१४ रुपये अधिक कर होता. एवढ्या रकमेसाठी मी लोकांना घर विकायच्या वेळेपर्यंत आलेले पाहिले आहे, कारण विमा नसताना अपघात झाला तर भरपाई मालकाच्या खिशातून जाते. वडिलांच्या नावावरची पॉलिसी पुढे चालवू नका. त्यांच्या मृत्यूनंतर ती जास्तीत जास्त तीन महिने टिकते. आणि नोंदणी नसलेल्या गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा दावा विमा कंपनी नाकारू शकते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये नरिंदर सिंग यांच्या आणि २०२१ मध्ये सुशील कुमार गोदारा यांच्या प्रकरणात स्पष्ट केले आहे.

राहिले चलन. गाडी रस्त्यावर होती, नोंदणी संपलेली होती, यात वाद घालायला जागा नाही. भरून टाका आणि पावती जपून ठेवा. कलम १९२ खाली पहिल्या वेळी दंड २,००० ते ५,००० रुपयांचा असतो. दुसऱ्या वेळी ५,००० ते १०,००० आणि एक वर्षापर्यंतची कैदही. त्याशिवाय कलम २०७ खाली गाडी जागेवर जप्त होऊ शकते. म्हणून ताडदेवला तपासणीसाठी नेतानाही ती चालवत नेऊ नका, टेम्पोत चढवून न्या. आरसी तुमच्या नावावर येईपर्यंत किल्ली मेकॅनिककडेसुद्धा ठेवू नका. कलम १९२ चालवणाऱ्याइतकेच चालवू देणाऱ्यालाही लागते, आणि त्याने ट्रायल म्हणून नाक्यापर्यंत नेली तरी उत्तर तुम्हालाच द्यावे लागेल.