ओहायोच्या प्लेटवरचं विमान खरंच उलटं आहे का?

अमेरिकेतल्या ओहायो राज्याच्या तुमच्या गाडीच्या नंबर प्लेटवर विमान उलटं छापलंय, अशी तुमच्या लेकाला शंका आली ते छानच, पण तुमची प्लेट बरोबर आहे. गंमत म्हणजे २०२१ मध्ये मूळ चित्र काढणारेही तुमच्या लेकासारखेच फसले होते.

त्या ऑक्टोबरात गव्हर्नर डीवाइन यांनी ही ‘सनराइज इन ओहायो’ प्लेट दाखवली. उगवता सूर्य, गव्हाचं शेत, शहराच्या इमारती, झोक्यावरचं मूल, कुत्रा, आणि वर ‘बर्थप्लेस ऑफ एव्हिएशन’ (विमानविद्येचं जन्मस्थान) असा फलक ओढणारं राइट बंधूंचं विमान. पण फलक बांधला होता विमानाच्या नाकाला! लोकांनी त्याच दिवशी चूक पकडली आणि बीएमव्हीने (गाड्यांची नोंदणी करणाऱ्या राज्याच्या खात्याने) ती लगेच कबूल केली. तोवर ३५,००० च्या आसपास प्लेट्स छापून झाल्या होत्या. त्या वाटल्याच गेल्या नाहीत, त्यामुळे ‘चुकीची असेल तर जपून ठेवू, पुढे किंमत येईल’ हा तुमचा बेत सोडून द्या. डिसेंबरअखेर दुरुस्त प्लेट मिळू लागली, तुमच्याकडे तीच आहे.

खरं सांगू का, चित्रकाराला मी फार हसलो नाही. आपल्या डोक्यातल्या विमानाला छोटे आडवे पंख मागे असतात, शेपटीला. राइट बंधूंच्या ‘फ्लायर’ विमानाचे पुढे होते, आणि दोन्ही पंखे (प्रॉपेलर) मागून ढकलणारे. सवयीच्या नजरेला तोंड ती शेपूट वाटते. म्हणून फलक पंख्यांच्या बाजूला असेल तर चित्र बरोबर, एवढंच लेकाला सांगा.

खरी मजा नॉर्थ कॅरोलायनाने घेतली. त्यांच्या प्लेटवर १९८२ पासून ‘फर्स्ट इन फ्लाइट’ आहे, कारण १७ डिसेंबर १९०३ चं ते १२ सेकंदांचं उड्डाण त्यांच्या किनाऱ्यावर झालं. त्यांच्या वाहतूक खात्याने ट्वीट केलं, त्याचा मथितार्थ असा: ओहायोवाल्यांना काही बोलू नका, त्यांना कसं कळणार, ते तिथे नव्हतेच! झोंबलं, पण टोमणा फक्कड होता. आमच्या बाजूने एवढंच म्हणेन की राइट बंधूंचं सायकलचं दुकान ओहायोतल्या डेटनचं आणि विमान बनवलं तेही डेटनला. माहेर इथलं, वरात तिकडे निघाली.

त्या गदारोळात माझी खरी तक्रार मात्र बुडाली. प्लेटवर गर्दी फार. चार गाड्या मागून शेत, झोका, कुत्रा यातलं काय दिसतं? आधीच्या प्लेटवरही बारीक अक्षरांत बिरुदांची जत्राच होती. आपल्याकडे भारतात पांढऱ्यावर काळे आकडे, विषय संपला. (४१४१ चं ‘दादा’ करणारे सोडून.)

बाकी, तुमच्या बायकोच्या गाडीची जुनी प्लेट बदलायची घाई नको. नवी प्लेट आली म्हणून जुनी बाद झाली नाही, नोंदणीचं वर्षाचं स्टिकर चालू आहे ना ते बघा. गाडीच्या पुढच्या बाजूची प्लेट १ जुलै २०२० पासून लागतच नाही. माझ्या बंपरची दोन भोकं तेवढी उरलीत.

आणि सुट्टीत लेकाला डेटनच्या कॅरिलन पार्कात न्या. तिथे राइट बंधूंचं १९०५ चं विमान ठेवलंय, त्याचेही छोटे पंख पुढेच आहेत. आधी त्याला काही सांगू नका, नुसतं विचारा, याचं तोंड कुठे? मी स्वतः चुकलो होतो, आणि मी मेकॅनिकलचा.